ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा पत्ता गावातच असतो

बीड जिल्ह्यातील सर्व ग्रामपंचायत अधिकारी बंधू-भगिनींना,



शासनाने २०२४ साली ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून तुम्हाला नवं पदनाम दिलं. गावाच्या तोंडात ते अजून बसलेलं नाही. तेव्हा या पत्रात कुठे ग्रामसेवक, कुठे भाऊसाहेब असं आलं तर गैर मानू नये.

हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना लिहिता आलं असतं, आमदारांना लिहिता आलं असतं. पण ऊस तोडणाऱ्या माणसाचा कागद पहिल्यांदा अडतो तो तुमच्या टेबलावर, आणि सुटायचा असेल तर सुटतोही तिथेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. नोकरी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात गेली. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदार याद्या घेऊन वस्त्या-तांडेही फिरलो. निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज भरून देतो. त्यातून जे दिसलं ते तुमच्यापुढे ठेवतो आहे. तुमच्यावर राग काढायचा म्हणून नाही. तुमच्या सहीने किती गोष्टी सुटतील हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहितो आहे.

दसऱ्याच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांत काय होतं ते तुम्ही दरवर्षी पाहता. वस्तीवर ट्रक नाहीतर ट्रॅक्टर लागतो. भांडी, अंथरूण, सरपण, कोंबड्या, शेळी आणि सगळ्यांत वर लेकरं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, काही टोळ्या पार बेळगाव-बागलकोटपर्यंत. मागे म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. गाळप संपून पट्टा पडला की माणसं परत येतात, पाडव्याच्या सुमाराला किंवा कारखाना लांबला तर त्याहून उशिरा. तोवर गावात सरकारचं काम चालूच असतं. याद्या तपासल्या जातात, शिबिरं होतात, केवायसीच्या मुदती येतात आणि जातात.

मग तो माणूस आधारवरचा पत्ता बदलायला, रेशन कार्डात सुनेचं नाव घालायला, मतदार कार्डासाठी किंवा खास त्याच्याचसाठी असलेल्या ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्रासाठी येतो. तेव्हा त्याला जे वाक्य ऐकावं लागतं, माझी पहिली तक्रार त्या वाक्याबद्दल आहे. “तुम्ही इथे राहतच नाहीत, तुम्हाला रहिवासी दाखला कसा देऊ?”

भाऊसाहेब, मग तो राहतो कुठे? फडाशेजारच्या कोपीत? ती पाचटाची आणि ताडपत्रीची कोप हंगाम संपला की मोडून टाकतात. तिथली ग्रामपंचायत त्याला आपला मानत नाही, कारखान्याच्या दप्तरात तो टोळी पुरवणाऱ्या मुकादमाच्या नावामागचा एक कोयता असतो. त्याचं लग्न इथे लागलं, आईबाप इथे आहेत, देव इथे आहे, मयत झाली तर मातीही इथेच होते. पोट भरायला बाहेर गेला म्हणून त्याचं गाव सुटत नाही.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही, कायदाही हेच सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की माणूस आपल्या नेहमीच्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला, एवढ्यावरून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. आधारचा २०१६ चा कायदा रहिवासी कोणाला म्हणतो? अर्जाआधीच्या बारा महिन्यांत किमान १८२ दिवस जो भारतात राहिला त्याला. भारतात, एका गावात नव्हे. म्हणजे कर्नाटकात जमखंडीच्या फडात काढलेले दिवसही त्यात धरले जातात. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आधार प्राधिकरणाला सांगितलं आहे की अकुशल आणि असंघटित कामगार, भटक्या जमाती, ज्यांना कायमचं घर नाही अशी माणसं, महिला, मुलं, वृद्ध, अपंग यांना आधार मिळावं म्हणून विशेष उपाय करायचे. हे कलम वाचताना मला आपला जिल्हा दिसतो. ऊसतोडीच्या टोळ्या दिसतात, पालात राहणारी पारधी कुटुंबं दिसतात.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांनाही सरकारदरबारी ओळख मिळावी, हा त्यामागचा बोलून दाखवलेला हेतू होता. त्यासाठी सुरुवातीपासून परिचयकर्त्याची सोय होती. कागद नसेल तर विश्वासाचा माणूस सांगायचा की मी याला ओळखतो. आज गावात ते सांगण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे. आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र सरपंच किंवा ग्रामपंचायतीचा सचिव देऊ शकतो. त्यावर अर्जदाराचा फोटो, फोटोवर येईल अशी सही आणि शिक्का, तारीख, एवढंच लागतं. ते तीन महिने चालतं आणि पत्त्याचा पुरावा म्हणून घेतलं जातं. लाईट बिल लागत नाही, खरेदीखत लागत नाही. माझ्या अनुभवात बऱ्याच ग्रामपंचायतींत हा नमुना ठेवलेलाच नसतो. कुठे आपल्या लेटरहेडवर दाखला देतात आणि केंद्रचालक तो परत पाठवतो. मग माणूस दोन्हीकडून अडतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. नवरा गेला, पदरात लेकरं. आधारवर अजून माहेरचा पत्ता. सासरचा पत्ता लागल्याशिवाय पुढचं काहीच हलेना, म्हणून ती एका केंद्रावर गेली. लाईट बिल मागितलं, तर मीटर वारलेल्या सासऱ्याच्या नावावर. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलता येतो असं कळलं. ही सोय २०२३ च्या जानेवारीत आली, चांगली आहे. पण तीत कुटुंबप्रमुखाच्या मोबाईलवर निरोप जातो आणि त्याने तीस दिवसांत संमती द्यावी लागते. हिचा कुटुंबप्रमुख कोण? नवरा नाही, दीर संमती द्यायला तयार नाही, कारण घराच्या वाटणीचा वाद. शेवटी ती ग्रामपंचायतीत गेली. तिथे उत्तर मिळालं की सासऱ्याच्या नावची घरपट्टी थकली आहे, ती भरा, मग बघू. तेवढ्यात टोळीची गाडी आली आणि ती गेली. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली होती. थांबणं तिच्या हातात नव्हतं.

ही गोष्ट कोणत्या गावातली ते मी सांगणार नाही, कारण ती एकाच गावातली नाही.

घरपट्टीबद्दल बोलतो. करावर ग्रामपंचायत चालते, दिवाबत्ती आणि पाणी त्यावर चालतं, आणि वसुली कमी पडली की वरून बोलणी तुम्हालाच बसतात, हे मी जाणतो. पण वसुलीसाठी ग्रामपंचायत अधिनियमात कलम १२९ आहे. मागणीचं बिल, मग मागणी लेख, मग जप्ती असा रस्ता कायद्याने आखून दिला आहे. माणूस या गावचा आहे की नाही, हा प्रश्न थकबाकीला बांधता येत नाही. थकबाकीदारही गावचाच असतो. एक व्यवहाराची गोष्ट सांगू का? ऊसतोड्याच्या हातात रोख पैसा येतो तो उचल मिळते तेव्हा, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात. त्या दिवसांत घरपट्टी मागा, बरेच जण देतील. मार्चअखेरला मागायला जाल तेव्हा दाराला कुलूप असेल.

घरांच्या आकारणीच्या नोंदवहीचं, नमुना नंबर ८ चंही बघा. डोंगरपट्ट्यात गायरानावर, भावाच्या जागेत, सासऱ्याच्या ओसरीला पडवी काढून राहणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांच्या नावाचा उतारा निघत नाही, म्हणून त्यांना घरच नाही असं धरलं जातं. पण त्या नोंदवहीत मालकाच्या रकान्याशेजारी भोगवटा करणाऱ्याचाही रकाना असतो. तो रकाना मालकी देत नाही, या घरात कोण राहतं एवढंच सांगतो. पत्त्याच्या पुराव्याला तेवढंच तर हवं असतं. वेगळी चूल मांडलेल्या सुनेचं, विधवेचं, नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव तिथे लिहिलं गेलं, तर तिचे पुढचे निम्मे हेलपाटे वाचतील.

आता ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्राकडे येतो, कारण ते पूर्णपणे तुमच्या हातचं आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं. गाव, वाडी, तांडा इथे जाऊन ऊसतोड कामगारांची नोंद करायची आणि ओळखपत्र द्यायचं काम २०२१ साली शासनाने ग्रामसेवकांवर सोपवलं. संत भगवानबाबांच्या नावाने त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. हे कार्ड म्हणजे पिढ्यान् पिढ्या मुकादमाच्या वहीत राहिलेल्या माणसाची सरकारच्या वहीत पहिल्यांदा झालेली नोंद. आणि त्याच कार्डासाठी त्याला आधीची कार्डं मागितली जातात. रेशन कार्ड आणा, त्यावर सध्याचा पत्ता आणा, कारखान्याचं पत्र आणा, मुकादमाची सही आणा. मुकादम आपल्या टोळीतल्या मजुराला अशी सही सहजासहजी का देईल? उद्या काही अपघात झाला, हिशोबाचा तंटा झाला, तर ती सही त्याच्याच विरोधात पुरावा होते. मजूर हे बोलून दाखवत नाही, तुमच्यासमोर खाली मान घालून उभा राहतो आणि निघून जातो. तुम्हाला वाटतं कागद आणायला गेला. तो पुन्हा येत नाही.

शिवाय एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचलीचा हिशोब दोघांच्या नावाने, मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायची ती बाई, पण ओळखपत्रासाठी नाव द्यायची वेळ आली की घरटी एक, आणि ते गड्याचं. बायांची नावं वेगळी नोंदवा, कार्ड वेगळं द्या. ऊसतोड बाईच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली हा जिल्हा देशभर गाजला, तेव्हा विधिमंडळापर्यंत प्रश्न गेले, समिती बसली. तिची नोंद ऊसतोड कामगार म्हणून स्वतंत्रपणे असायला हवी, हे त्यानंतर तरी कोणाला पटवून द्यायची गरज पडू नये.

लेकरांचं वेगळंच दुखणं आहे. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, एकवीस दिवसांत. फडात किंवा वाटेतल्या दवाखान्यात जन्मलेल्या मुलाची नोंद बेळगावच्या नाहीतर शिरोळच्या दप्तरात होते, किंवा होतच नाही. वर्ष उलटलं की कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्मनोंदणी कायद्याच्या दुरुस्तीने तर त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळेपासून आधारपर्यंतचा मूळ कागद केला आहे. २०२५ च्या सुरुवातीपासून राज्यात उशिराच्या जन्मनोंदींची कडक छाननी सुरू झाली. खोट्या नोंदी शोधायलाच हव्यात, पण त्यात आपल्या जिल्ह्यातली खरी लेकरंही अडकतात. माझं म्हणणं एवढंच, की टोळी परत आली की आशाताईला आणि अंगणवाडीताईला सोबत घेऊन त्या सहा महिन्यांत कोणाच्या घरी मूल जन्मलं याची यादी करा आणि वर्ष उलटायच्या आत ते प्रकरण मार्गी लावा. वर्षाच्या आतलं काम आणि वर्षानंतरचं काम यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

तुमची बाजूही मला दिसते. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन ग्रामपंचायतींचा पदभार. सोमवारी पंचायत समितीत बैठक, मंगळवारी घरकुलांचे फोटो, मग रोजगार हमी, मग लेखापरीक्षण. वर धास्ती अशी, की उद्या कोणी खोटा रहिवासी निघाला तर सही कोणाची? तुमची. चौकशी तुमच्यावर. ही भीती खोटी नाही, आणि शासनाने तुम्हाला पुरेशी माणसं न देता कामं वाढवत नेली, ही माझी शासनाकडेही तक्रार आहे.

पण त्या भीतीवर कागद मागत राहणं हा इलाज नाही. बनावट लाईट बिल कोणीही आणू शकतो. गावाने धरून ठेवलेली नोंद बनावट करणं फार अवघड. शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर काढा, त्यात बापाचं नाव सापडेल, कधी कधी आजोबांचंही. अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आहे, आशाताईची गरोदर मातांची नोंद आहे, रोजगार हमीचं जॉब कार्ड आहे. शेजारच्या दोघांचे जबाब घ्या, वस्तीवर जाऊन चार ओळींचा पंचनामा करा आणि फाईलला लावून ठेवा. मग तुमची सही एकटी राहत नाही. निवडणूक आयोगाने बेघर माणसासाठी काय सांगितलं आहे, ते बीएलओच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं. अर्जात दिलेल्या जागी रात्री जा, तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहा, एकापेक्षा जास्त रात्री पाहा. तो तिथे आढळला तर पत्त्याचा कागद मागायचा नाही. कागद नसला तर यंत्रणेने उठून माणसापर्यंत जायचं, हे या देशाच्या नियमांतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना घराच्या पुराव्याचा हट्ट न धरता, अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार देण्याचा आदेश दिला. जिला घरमालक भाडेकरार देत नाही तिच्यासाठी वाट निघते, तर जिचं घर तुम्ही रोज येता-जाता पाहता तिच्यासाठी का निघू नये?

जुलै २०२४ मधली ‘लाडकी बहीण’ योजनेची गर्दी आठवते ना? आधी अधिवास प्रमाणपत्र मागितलं. तहसिलांसमोर रांगा लागल्या. काही दिवसांतच शासनाने अट सैल केली आणि पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, यांपैकी काहीही चालेल असं ठरवलं. प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र घ्या, असं तर शासनाने २०१५ सालीच ठरवलं आहे. तरी आजही बायाबापड्यांना स्टॅम्पपेपर आणायला पाठवलं जातं आणि त्या मजुरी बुडवून तालुक्याला जातात. हे ताबडतोब थांबवा. याला कोणाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

मतदार यादीचं बोलायलाच हवं. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात मसुदा यादीत सुमारे ६५ लाख नावं आली नाहीत. त्यांतली मोठी संख्या कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले अशा शेऱ्याची होती. आपल्याकडे अशी तपासणी गाळप हंगामात आली तर? २०२४ मध्ये गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, तेव्हा टोळ्यांची काय ओढाताण झाली ते आपण पाहिलं. बीएलओ नवीन असेल, बाहेरगावचा असेल. त्याला कुलूप दिसेल आणि तो ‘स्थलांतरित’ लिहील. तुम्ही त्याला सांगू शकता की हे कुलूप पाडव्यापर्यंतचं आहे. हंगामाला गेलेल्या कुटुंबांची, कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या कारखान्याला गेले त्याची, जाण्यापूर्वीच केलेली यादी ग्रामपंचायतीत असली की हे सांगणं तोंडी राहत नाही. शाळा शिक्षण हमी कार्डासाठी लेकरांची अशी नोंद ठेवतेच, तिचाही आधार मिळेल.

तर मागणं असं आहे. श्रावण-भाद्रपदात, उचली वाटल्या जातात त्या दिवसांत, प्रत्येक ग्रामपंचायतीत ओळखपत्रांसाठी दोन-तीन दिवस ठेवा. ते तांड्यावर आणि वस्तीवर, संध्याकाळचे, कारण दिवसा माणसं कापूस-सोयाबीनच्या रानात असतात. आधारच्या नमुन्याचे कोरे कागद, शिक्का आणि पॅड घेऊनच या. फोटो काढणारा पोरगा गावातलाच मिळेल. प्रमाणपत्राची मुदत तीन महिन्यांची असते, म्हणून ते वैशाखात देऊन ठेवू नका, आधार केंद्र गाठता येईल अशा बेताने द्या. जमलं तर तहसीलदारांना सांगून त्याच दिवशी आधारचं यंत्रच वस्तीवर आणा. ऊस धरून, वाढे बांधून बोटांचे ठसे झिजलेले असतात, एका खेपेत ते उमटतीलच असं नाही. आणि दाखला नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या. तोंडी नकाराचं अपील कुठे करणार?

अर्ज लिहायला, रजिस्टर चाळायला, म्हाताऱ्यांना ओळखायला माणसं लागतील. आमच्या भागातले निवृत्त शिक्षक बसायला तयार आहेत, मी स्वतः येईन. तुमच्या ग्रामपंचायतीचा दिवस ठरला की तारीख फळ्यावर लिहा, दवंडी द्या आणि शाळेत निरोप ठेवा.

आपला,
डोंगरपट्ट्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. धारूर, जि. बीड